बाभळीवरची पित्तं

त्या साली अख्ख्या मुलखाला भुकेनं झोप लागत नव्हती आणि मला मात्र दिवसाढवळ्या झोप आवरत नव्हती. बाहत्तरच्या दुष्काळाची गोष्ट. बीडच्या रस्त्यांवर माणसं खडी फोडत होती, सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढत होती, आणि आम्ही पालीजवळच्या तलावाच्या पोटात हिरव्यागार गवतावर लोळत होतो. हे सांगितलं की आताच्या सुना तोंडाला पदर लावून हसतात. म्हणतात, आत्याबाईंना स्वप्न पडलं असंल. पडलंच होतं, पण एकटीला नाही. ते सगळ्या मेंढपाळ सहकारी संस्थेला एकदम पडलं होतं.

झालं होतं असं की तलाव आटत चालला होता. पाणी मागं सरलं की काळा गाळ उघडा पडे, आणि त्या गाळातून चार दिवसांत गवत वर येई. पाणी आणखी मागं जाई, गवत त्याच्या पाठोपाठ जाई. वरच्या माळावर मातीची नुसती राख झालेली, आणि खाली हा हिरवा पट्टा. गहिनीनाथ हे आमच्या संस्थेचे चेअरमन. त्यांनी चार ठिकाणी खेटे घालून तो काठ संस्थेच्या मेंढरांना चरायला मिळवला. गावोगावचे सभासद आपापली मेंढरं घेऊन आले आणि दिवाळीनंतर सगळ्यांचा मिळून एकच कळप झाला. कुणाची कुठली ते कानावरच्या खुणेवरून ओळखायचं.

माझी मेंढी ओळखायला खूण लागत नव्हती. आमची मेंढरं सगळी काळी, आणि ती एकटी पांढरी. म्हणून तिचं नाव बगळी. लग्नात माझ्या बापानं मला ती दिली होती. तिची आई बाळंतपणातच मेली, तेव्हा मी तिला बोटं चोखायला देऊन, शेळीचं दूध पाजून वाढवलं होतं. पुढं मोठी झाली तरी माझ्या हातचं खाल्ल्याशिवाय तिचं पोट भरत नसे. बाप लग्नानंतर सहा महिन्यांत गेला. भाऊ ऊस तोडायला नगरकडं गेले ते धारूरच्या घराला कुलूप घालूनच. माहेर म्हणून माझ्याकडं चार पायांचं एवढंच उरलं होतं, आणि दुष्काळातून काहीही करून ते जगवायचं, एवढी एकच गोष्ट त्या साली माझ्या डोक्यात होती.

आणि ती नुसती जगत नव्हती, चांगली माजत होती. संक्रांतीपर्यंत तिच्या पाठीवर हात फिरवला तर मणका लागत नव्हता. सगळाच कळप तसा. रस्त्यावरनं जाणारी माणसं थांबून बघत राहायची. दुपारी ऊन तापलं की काठावरची हवा थरथरायला लागे, मेंढरांचे पाय दिसेनासे होत आणि नुसती काळी पोटं गवताच्या वर तरंगत असल्यासारखी वाटत. मी घोंगडीवर आडवी व्हायची. बगळी माझ्या उशाला कुरूकुरू चरायची. त्या आवाजात माझा डोळा लागायचा, आणि झोपेतही मला गवतच दिसायचं, माझ्या अंगावर उगवलेलं, आणि बगळी ते हळूहळू खातेय. जाग आली तरी तेच. कुठलं खरं आणि कुठलं झोपेतलं याचा मी नाद सोडून दिला होता. माझी सासू साखराबाई म्हणायची, "ही पोरगी हाय का अजगर?"

आता सासऱ्यांविषयी सांगते, कारण गोष्ट त्यांचीही आहे. हरिबा त्यांचं नाव. मी त्यांना मामा म्हणायची. उंच, वाळका माणूस, बोलायला मऊ. मेंढरांचं आतलं-बाहेरलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, अशी सगळ्या सभासदांची समजूत होती. आणि त्या घराण्यात एक रीत होती. दर अवसेला बिरोबाला एक मेंढा कापायचा आणि त्याचं पित्त बघायचं.

पित्त म्हणजे काळजाच्या, डॉक्टर ज्याला यकृत म्हणतात त्याच्या, खालच्या अंगाला एका खळग्यात चिकटलेली लांबट पिशवी, मधल्या बोटाएवढी. कातडी पातळ, आत हिरवंपिवळं पाणी. ते सांडलं तर सगळं काळीज कडूजहर होतं. मामा ती पिशवी नखानं हळूच सोडवायचे, एक थेंब न सांडता. तोंडाला काळ्या लोकरीचा दोरा बांधायचे. मग दोन बोटांत धरून डोळे मिटायचे. सगळे सभासद भोवती बसलेले, श्वास रोखून. पित्त भरलेलं लागलं की मामा म्हणायचे, "भरलंय." म्हणजे कळपाला बरकत आहे, इथनं हलायचं नाही. ढिलं लागलं तर दुसरं रान बघायचं. नंतर ती पिशवी बिरोबाच्या ओट्याजवळच्या बाभळीला टांगायची, वाऱ्यावर वाळत. तिला सुरी लावायची नाही. पित्त फोडलं तर कळपाचा नाश होतो, असं मामांच्या आजापासून चालत आलेलं.

रात्रीच्या जेवणानंतर मामा कधीकधी मला हे सगळं समजावत बसायचे. सून म्हणून नव्हे, ऐकणारं माणूस म्हणून.

"मेंढीला पित्त हाय, शेळीला हाय, गाईम्हशीला हाय. घोड्याला न्हाई. जहागीरदाराचं घोडं मेलतं, तवा सोलताना मी उभा राहून बगितलं, काळजाखाली नुसतं सपाट. गाढवाला न्हाई. पारव्याला न्हाई."

"कावून न्हाई, मामा?"

"गाढवाला पित्त असतं तर त्यानं वझं वाह्यलं असतं का? राग यील कुठनं त्याला?"

"अन् तुमाला दोन हायत," सासूबाई चुलीपासून म्हणाल्या. मामा हसले. ते रागावलेले मी तोवर पाहिले नव्हते, ही त्या बोलण्यातली गंमत.

आमच्या धारूरकडं मात्र पित्ताला एवढा मान नव्हता. माझा बाप मेंढा कापला की पित्त सुरीनं फोडून मातीत ओतायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. पण फोडताना मला दाखवायचा. उपाशी मरायला टेकलेल्या मेंढीचं पित्त टम्म फुगलेलं असायचं आणि चरून आलेल्या मेंढीचं ढिलं, सुरकुतलेलं. बाप म्हणायचा, पोटात घास गेला की ते पाणी खाली उतरतं आणि घासात मिसळतं. घासच आला नाही तर उतरेल कशाला? साठून बसतं. लहानपणी ऐकलेली गोष्ट, मी ती विसरूनही गेले होते.

माघातल्या अवसेला ती आठवली. मेंढा कळपातला सगळ्यात गुटगुटीत, सकाळपासून चरून आलेला. मामांनी पित्त काढलं तर ते अंगठ्याहून जाड. बोटांत धरून मामांचा चेहरा असा खुलला की जणू पाऊसच दिसला. "आजवर असं भरलेलं हाताला लागलं न्हाई," ते म्हणाले. गहिनीनाथ चेअरमननी टाळी वाजवली. लोकांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं, भंडारा उधळला.

मी मात्र विचारात पडले. मेंढ्याचं पोट गवतानं भरलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. पोटही भरलेलं आणि पित्तही भरलेलं. दोन्ही एकदम कसं? रात्री मी मामांना विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुमच्या डोंगरात गवतच न्हाई तर भरल्या पोटाची मेंढी कुणी बगितली, तारे?" ते म्हणाले. तेही खरं वाटलं. बाकी हिरव्या गवतावर झोपून संशय घेणं तसं जड जातं.

नंतर बगळी सुस्तावली. आधी मला वाटलं, माझीच झोप तिला लागली. उभी असली की मान खाली सोडायची. चरायची, पण चार घास घेऊन थांबायची आणि पाण्याकडं बघत राहायची. मग एके दिवशी तिच्या जबड्याखाली काहीतरी लोंबायला लागलं. हात लावला तर मऊ, पाण्यानं भरलेल्या पखालीसारखं. संध्याकाळी मोठं व्हायचं, सकाळी कमी. मी घाबरून सासूबाईंना दाखवलं.

"अगं, चरबी हाय ती. लई खाल्लं की गळ्याला उतरती," सासूबाई म्हणाल्या. एकट्या बगळीला नव्हतं, पुष्कळ मेंढ्यांना तसं लोंबत होतं. चेअरमन तर कौतुकानं सांगत फिरायचे की आमच्या संस्थेच्या मेंढ्या पाटलीणबाईसारख्या झाल्यात, दोन-दोन हनुवट्यांच्या. दुष्काळात कुणाची नजर लागू नये म्हणून त्या लोंबत्या गळ्यांना काजळाचं बोटही लावलं गेलं. हसू नका. ज्यांनी आयुष्यभर मेंढीच्या फासळ्याच मोजल्या, त्यांना सूज आणि सुख यातला फरक कसा कळावा?

पुढं दोन-तीन मेंढ्या बसल्या जागी गेल्या. नजर लागली असंच सगळे म्हणाले. मी बगळीच्या डोळ्याची पापणी उलटून बघितली. आतला भाग लाल हवा, तो पांढराफटक, लोणी लावल्यासारखा. त्या दिवसापासून मला दुपारची झोप येईना. पडून राहायची, डोळे मिटायची, पण कानाला बगळीचं चरणं थांबलेलं ऐकू यायचं आणि जीव टांगणीला लागायचा.

फाल्गुनातली अवस आली. पुन्हा मेंढा, पुन्हा मामांची दोन बोटं, पुन्हा भरलेलं पित्त. मामांनी ते बाभळीला टांगलं. मटण झालं, जेवणं झाली, भर दुपारी सगळे सावलीला आडवे झाले. तलावाचं पाणी इतकं निश्चल होतं की त्यात आभाळ खाली पडल्यासारखं दिसत होतं. एकही मेंढी ओरडत नव्हती. मी उठले. उठले असं म्हणते, पण मला माझे पाय जमिनीला लागल्याचं आठवत नाही. बाभळीखाली गेले. वर पिशव्या टांगलेल्या, जुन्या काळ्या पडून चिंचोक्यासारख्या झालेल्या, आणि मध्ये आजची, हिरवी, ओली, उन्हात चमकणारी. वारा नव्हता. तरी ती हलत होती.

मी पदराला डोळे पुसले. पिशवी आतून हलत होती, हळूच, पोटातलं लेकरू हलावं तशी.

मला बिरोबाची भीती वाटली, मामांची त्याहून जास्त वाटली. फोडलं आणि कळपाचं काही झालं तर जन्मभर मला कुणी पाणी विचारलं नसतं. पण बगळी तिकडं मान टाकून बसली होती, आणि तिला काय झालंय ते या पिशवीच्या आत आहे असं मला वाटायला लागलं होतं. का ते सांगता येत नाही. मी पिशवी खाली काढली, ताटलीत ठेवली आणि विळ्याचं टोक लावलं.

हिरवं पाणी आलं, आणि त्याच्याबरोबर पानं आली. बारकी, तपकिरी, लांबट पानं. मला पहिल्यांदा वाटलं, गवतच आहे, मेंढ्यानं खाल्लेलं गवत वाट चुकून इथं आलं. एक पान मी बोटानं बाजूला केलं. ते आखडलं. मग लांब झालं. मग ताटलीच्या काठाकडं सरकायला लागलं. सगळीच सरकायला लागली, त्या कडू पाण्यात पोहत, अगदी संथ, कुठं घाई नसल्यासारखी. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. ओरडायला हवं होतं, पण झोपेत ओरडता येत नाही तसं झालं होतं.

"तारे, काय केलंस?"

मागं मामा उभे होते. मी ताटली वर धरली. मामा खाली बसले. त्यांनी ताटली मांडीवर घेतली आणि बघत राहिले. मी मार खायची तयारी केली होती. त्यांनी नुसतं एक पान नखानं उचलून उजेडात धरलं.

"हे भरलं होतं," शेवटी ते म्हणाले. "ह्यानं भरलं होतं, अन् मी डोळे मिटून सांगत होतो."

त्यांनी माझ्या नवऱ्याला उठवलं. सटवा त्याचं नाव, तेव्हा घेत नव्हते, आता घेते. "सायकल काढ. बीडला जा, ढोराच्या दाक्तराला घिऊन यी. म्हणावं आत्ताच चला," मामा म्हणाले. सटवा डोळे चोळत निघाला. तोवर बाकीचे सभासद जागे होऊन बाभळीखाली गोळा झाले होते, आणि चेअरमनही आले.

गहिनीनाथ चेअरमन वाईट माणूस नव्हते. पण तो काठ त्यांनी मिळवला होता, त्यावर त्यांचं नाव झालं होतं, आणि समोर ताटलीत किडे वळवळत होते. त्यांनी बघितलं, नाक मुरडलं आणि माझ्याकडं बोट केलं.

"हरिबा, तुमच्या सुनेनं पित्त फोडलं. फोडू नये ते फोडलं म्हणून हे निघालं. देवाचा कोप हाय हा, दुसरं काय न्हाई."

लोकांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. सगळ्यांना ते पटलं, मला ते दिसलं. त्यांच्या जागी असते तर मलाही पटलं असतं. पित्त कुणी कधी फोडलंच नव्हतं, मग फोडण्याआधी आत काय असतं ते कुणाला ठाऊक? खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की विळा लागला तेव्हाच ते जन्मले.

मामा उठले. बाभळीवर हात घालून त्यांनी माघातली पिशवी ओढून काढली, ती अंगठ्याहून जाड होती तीच. आता वाळून कडक झाली होती, तोंडाला त्यांच्याच हातचा दोरा, गाठ जशीच्या तशी. त्यांनी ती चेअरमनच्या हातात दिली. "गाठ बगा. कुणी सोडलीय का?"

"न्हाई."

"मग द्या हिकडं." मामांनी माझ्या हातातला विळा घेतला. सासूबाईंनी मध्येच त्यांचं मनगट धरलं. कशासाठी धरलं, थांबवायला की आधाराला, ते मला कळलं नाही. मामांनी वाळकी पिशवी चिरली आणि ताटलीत उपडी केली. आतून कोरडी पानं पडली. एकमेकांना चिकटलेली, कुरकुरीत, तीच पानं.

"ही माझ्या सुनंनं विळा लावायच्या आधीची हायत," मामा म्हणाले. "हिचं काय न्हाई ह्यात. माझं हाय."

चेअरमननी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला त्या वेळी मामांचा अभिमान वाटला आणि त्यांच्याकडं बघवेना इतकं वाईटही वाटलं. आपल्या आजाची रीत त्यांनी आपल्याच हातानं, चारचौघांत चिरली होती.

दिवस मावळायच्या आत डॉक्टर आले. तरुण होते, धुळीनं माखलेले. त्यांनी ताटली बघितली आणि सरळ तलावाच्या काठावर गेले. गवताच्या बुडातून त्यांनी एक बारका शंख उचलला, आत जिवंत गोगलगाय, मसुरीच्या दाण्याएवढी. तो तळहातावर ठेवून त्यांनी आम्हाला सगळं समजावलं. मेंढीच्या लेंडीतून या किड्याची अंडी पाण्यात जातात, पाण्यातून या शंखात, शंखातून गवतावर, आणि गवताबरोबर परत मेंढीत. मग तो काळीज पोखरत पित्ताच्या नळ्यांत जाऊन बसतो आणि तिथून पिशवीत.

"पण मेंढरं तर माजली होती, साहेब," मामा म्हणाले.

"आधी माजतातच. काळजाला किडा लागला की सुरुवातीला पित्त जास्त सुटतं, खाल्लेलं जास्त अंगी लागतं. मग तो रक्त खायला लागतो. रक्त पातळ झालं की जबड्याखाली पाणी उतरतं." मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही चरबी समजलात ना?"

मी मान हलवली. डॉक्टरांनी औषध दिलं, ते एकेका मेंढीचं तोंड उघडून पाजलं. पण ते म्हणाले की औषधानं आतले मरतील, आणि उद्या गवत खाल्लं की नवे जातील. उजाडायच्या आत इथून निघा.

"न्यायचं कुठं?" चेअरमननी विचारलं.

"जिथं पाणी नाही, हिरवं नाही, तिथं. कोरड्या रानात शंख जगत नाही. धारूरच्या डोंगरात न्या."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. दुष्काळात मेंढरांना हिरव्यावरून उठवून दगडावर न्यायचं! तिथं काय घालायचं त्यांना? बोरीबाभळीच्या वाळक्या शेंगा, झडलेला पाला, आणि संस्थेनं कुठून मिळवली तर पेंड. पण चेअरमन म्हणाले, "पेंड मी बगतो. हरिबा म्हणतील तसं." आणि सगळे मामांकडं वळले, पित्त बघून झाल्यावर वळायचे तसेच. मामांच्या हातात काहीच नव्हतं. ते म्हणाले, "उठवा."

पहाटे निघालो. म्हणजे आम्ही निघालो, मेंढरं निघेनात. अर्धी वाट चढली की मागं वळायची आणि उतारावरून धावत परत गवतात घुसायची. त्यांचं काय चुकलं? सगळ्या जगात जे एकच हिरवं उरलं होतं, तिथून आम्ही त्यांना हाकलत होतो. मामांनी काठी उचलली. उभ्या जन्मात मेंढीला ज्यांनी काठीचं टोक लावलं नव्हतं, ते त्या दिवशी काठी घालत होते आणि रडत होते, आणि वरच्या रस्त्यावर खडी फोडायला निघालेली माणसं थांबून बघत होती. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "म्हातारं येडं झालं." मामांनी ऐकलं. काठी थांबली नाही.

कळप हळूहळू वर गेला. बगळी मागं राहिली. ती पाण्याच्या कडेला बसली होती आणि बसल्या जागची चरत होती, मान पुढं करून, पोचेल तेवढं. धुकं नव्हतं, पण माझ्या डोळ्यांपुढं सगळं धुरकट झालं होतं. पांढरी मेंढी, हिरवं गवत, मागं गुळगुळीत पाणी. इतकं देखणं मी पुन्हा काही बघितलं नाही. मला वाटलं, राहू दे तिला. सुखानं खाऊन तरी मरेल. आपणही इथंच तिच्याजवळ आडवं व्हावं, झोपावं, आणि वरच्या त्या राखेच्या मुलखात परत जाऊच नये.

"तारे!" वरून सासूबाईंनी हाक मारली.

मी बगळीजवळ गेले आणि गुडघ्यावर बसले. तिच्या तोंडात गवताचा घास होता, ओला, अर्धा बाहेर लोंबणारा. मी हात पुढं केला. तिनं माझा हात बघितला आणि तोंड उघडलं. त्या हातानं आजवर तिला फक्त दिलंच होतं. मी बोटं आत घातली आणि तो घास ओढून काढला. गालात राहिलेलं काढलं, जिभेखालचं काढलं. तिनं चावलं नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मग मी तिला कवेत धरून उभी केली आणि तिच्या पुढं चालायला लागले, मागं न बघता. मागं वळले असते तर पाय उचलला नसता. थोड्या वेळानं मागून खुरांचा आवाज यायला लागला.

बगळी जगली. धारूरच्या दगडांत, वाळक्या शेंगांवर, उन्हाळाभर दर काही दिवसांनी औषध पीत, जिथं कळपातल्या कितीतरी धडधाकट मेंढ्या टिकल्या नाहीत तिथं ती टिकली. गळ्याची सूज उतरली, पापणी पुन्हा लाल झाली. पुढं पाऊस आला, तिला कोकरं झाली, ती म्हातारी होऊन मेली. पण त्या सकाळनंतर तिनं माझ्या हातातून कधी काही खाल्लं नाही. पेंड धरली, पाला धरला, भाकरी धरली, ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. मी ते जमिनीवर ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची, मग ती खायची.